पाण्याचा हात

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. मोठ्यांना पत्र लिहिताना वर काय काय लिहायचं ते शाळेत मास्तरांनी घोकून घेतलं होतं. आज ते सगळं फार कडक इस्त्रीचं वाटलं, म्हणून सोडून दिलं. तुझा पत्ता मासळीवाल्याकडून मिळाला. तो म्हणाला, "तुमचा भाऊ नदीच्या मुखाशी होडीतून माणसांची ने-आण करतो. तब्येत चांगली, तोंड अजून तसंच." तोंड तसंच आहे हे ऐकून मला फार बरं वाटलं.

दादा, जमीन वर आली! हेच सांगायला बसलोय, बाकीचं मागाहून.

काल सकाळी पंपघराच्या खिडकीतून बघतो तर जिथे जन्मभर लव्हाळी आणि पाणी बघितलं, तिथे काळीभोर पाठ. ओली, चकचकीत, वर वाफ. मी चपला काढून उतरलो. कमरेपर्यंत जाईन या भीतीने एक हात खांबाला धरून ठेवला होता. पाऊल घोट्यापर्यंत गेलं आणि थांबलं, खालून कोणी तळहात धरावा तसं. मी तिथेच उभा राहून देवाचं नाव घेतलं. मागून आमची ही, म्हणजे तुझी वहिनी, म्हणाली, "अहो, चला आता. फार वेळ उभे राहिलात तर मुळं फुटतील."

गाळातून काय काय निघतंय! मोडकी वल्ही, कुणाची घागर, एक अख्खी होडी. आणि ज्या कढईपायी आत्या आणि तिची शेजारीण इतकी वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या, ती कढई निघाली. ना हिने नेली होती ना तिने; पाण्यानेच नेली होती. मी ती धुऊन दोघींच्या दारांच्या मधोमध ठेवली. आता दोघीही म्हणतात, ही माझी नव्हेच, माझी जास्त चांगली होती.

मी पंपघरात काय करतोय, असं तू विचारणार नाहीस, कारण तुला माहीत आहे. सरकारने दलदल ताब्यात घेतल्याचं सांगायला माणसं आली त्या दिवशी तू धक्क्यावर सगळ्यांदेखत मला म्हणालास, "ज्या दिवशी ते पाणी उपसायचं यंत्र तुझ्या हाताने चालू होईल, त्या दिवसापासून मला भाऊ नाही." आणि यंत्र बसायच्या आतच होडी सोडून निघून गेलास. दादा, ते कुणाच्या तरी हाताने चालू होणारच होतं. या विषयावर मी एवढंच लिहितो.

आता कामाचं. दलदलीच्या बदल्यात घरटी एक तुकडा शेत मिळतंय. तुझ्या नावाचाही आहे. अट एकच, पहिल्याच हंगामात त्यात पीक उभं दिसायला हवं, नाहीतर तुकडा दुसऱ्याला जाईल. कुठला घेऊ ते कळव. तू येईपर्यंत तुझ्या वतीनं मी कसतो. पण ये. माझं वय आता पन्नाशीला टेकलं, तुझं त्याच्याही पुढे गेलंय. भांडण चालू ठेवायलासुद्धा माणसं एका गावात असलेली बरी.

तुझा धाकटा


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड आलं! पोस्टमन सायकलवरून उतरलाही नव्हता तोवर मी त्याच्या हातातून ओढून घेतलं. तो म्हणाला, "अहो, माझं बोट सोडा." वर नमस्कार नाही, खाली नाव नाही, मध्ये एकच ओळ: "जुन्या धक्क्याच्या पाण्याच्या हाताला जे असेल ते घे." अक्षर तुझंच, रागावलेलं. मी ते कार्ड पंपाच्या मापकाशेजारी टेकवून ठेवलंय. कामाला हात लावायच्या आधी प्रार्थना करतो तेव्हा समोर तेच असतं. देव समजून घेईल.

लगेच इंजिनिअरबाईंकडे गेलो. या निचऱ्याचं सगळं काम त्यांच्याकडे आहे. वयाने एखाद्या लेकीएवढ्या, टोपी उन्हाची, बूट कायम चिखलाचे. त्यांनी कार्ड वाचलं आणि विचारलं, "पाण्याचा हात म्हणजे कुठला हो?"

मी सांगितलं, "बाई, आमच्यात डावं-उजवं नाही. होडी फिरली की डावं उजवं होतं, मग त्याचा उपयोग काय? पाणी जिकडे जातं तो पाण्याचा हात, जिकडून येतं ती पाण्याची पाठ. आम्ही घरातसुद्धा म्हणतो, मीठ पाण्याच्या हाताच्या फळीवर आहे."

त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "चला, दाखवा."

जुन्या धक्क्यावर गेलो. धक्का आता कोरड्यात उभा आहे, पायाखालची पायरी लोंबकळतेय, पण बाजूने नवा चर वाहतो. मी एक काडी त्यात टाकली. काडी निघाली, आम्ही दोघं तिच्यामागे. ती पंपाच्या दिशेने सरळ वाहत गेली आणि तिच्या वाटेवर, धक्क्याला लागूनच, कुठला तुकडा असेल? दादा, सगळ्यात चांगला! सपाट, काळा, हातात घेतला तर लोण्यासारखा. शिवाय माझ्या तुकड्याला लागून. मध्ये बांध घालायचीही गरज नाही.

बाई म्हणाल्या, "नक्की इकडेच ना?"

मी म्हणालो, "पाणी कधी खोटं बोलतं का?"

खुंट्या ठोकल्या. इतक्या लांब बसून, एकदाही न बघता तू बरोबर नेमका तुकडा काढलास! गावातले लोक म्हणतात, मोठा आहे खरा मुरलेला. धक्क्याच्या दुसऱ्या अंगाला, नदीकडच्या नव्या मोठ्या बांधाखाली, ती खोलगट जागा आहे बघ, ती अजून ओलीच आहे. नदीचं पाणी बांधाखालून झिरपतं. कुणीच मागितली नाही. नकाशावर तिच्यापुढे बाईंनी चक्क 'डबकं' लिहिलंय. पुढच्या महिन्यात तिच्यातूनही चर काढून ती कोरडी करणार आहेत.

तुझी वहिनी आत्तापासून तुझ्या खोलीचं बघतेय. पलंग खिडकीखाली ठेवावा की दारासमोर, यावर आमचा वाद चालू आहे. तू येऊन मिटव.

तुझा धाकटा


१४ मार्च

दादा,

तुझं शेत नांगरून झालं. आधी माझं करायचं ठरलं होतं, पण मी म्हणालो, मोठ्याचं आधी.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो शेजारी उभ्या माणसाशीही दुसऱ्या किनाऱ्यावर असल्यासारखा बोलतो. पहिल्याच फेरीत मागचं चाक बसलं. तो वरून ओरडला, "काका, ही जमीन आहे की गादी?" मग चाकांखाली फळ्या घालत, काढत, पुन्हा घालत आम्ही पुढे गेलो. नांगराच्या मागे माती उलटत होती तशी मी तिच्यामागून चालत होतो. खाली लव्हाळ्यांची जुनी मुळं, शिंपले, आणि एक वास, आईच्या ओल्या पदराचा असायचा तसाच. हजार वर्षं ही माती पाण्याखाली झोपलेली. तिला उठवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, असंही मनात आलं. पण त्याच वेळी छाती इतकी भरून आली होती की तो विचार फार वेळ टिकला नाही. जव पेरलाय. तीन आठवड्यांत हिरवं दिसेल, असं बाई म्हणतात.

आता तुझ्या दुसऱ्या कार्डाबद्दल. तेही आलं. "माझ्या वाट्यात मासे उरलेत का? असतील तर जाळं घेऊन येतो."

दादा, हे वाचून मला वाईट वाटलं. टोमणा मारायचा तर सरळ मार. पाणी मी काढलं, मासे गेले, होड्या उलट्या पडल्या, हे मला माहीत आहे. पण तुझ्यासाठी मी ढेकळं हाताने फोडलीत, आणि तू शेतात मासे मागतोस? तुला यायचं नसेल तर तसं लिही. पलंग मी परत माळ्यावर चढवतो.

भाऊ


१६ मार्च

दादा,

परवाचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक. पोचलं नसेल तर न वाचता फाड.

काल जेवताना मी तुझं कार्ड पुन्हा काढलं आणि चिडून वहिनीला वाचून दाखवलं. ती पोळपाट धूत होती. पाठमोरीच म्हणाली, "भावोजी थट्टा करत नाहीयेत. तुमचं शेताचं पत्र मिळायच्या आत हे कार्ड टाकलं असणार. त्यांना खरंच मासे हवेत."

"शेतात?"

"भावोजी गेले तेव्हा धक्क्यापाशी पाणी कुठे वाहत होतं?"

"आता बांध आहे तिकडे. नदीकडे. आणखी कुठे..." असं म्हणालो आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "त्यांचं पाणी अजून तिकडेच वाहतंय."

दादा, पंप बसला तेव्हा नदीकडचं तोंड बांध घालून बंद केलं आणि सगळं पाणी उलटं फिरवून पंपाकडे आणलं. ते मी माझ्या हाताने केलं! रोज मापक बघतो, रोज चर बघतो, आणि पाण्याचा हात बदलला, जुना हात होता तिथे आता पाण्याची पाठ आली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपली सवयच वाईट. आपण दर वेळी काडी टाकून पाण्याला विचारतो, आठवणीला कधी विचारत नाही. आणि खरं सांगू? मला विचारायचंही नव्हतं. काडी माझ्या शेताकडे गेली याचा मला इतका आनंद झाला होता.

म्हणजे तुला ती खोलगट जागा हवी होती. जिथे पाणी राहील अशी एकच जागा. तुला मी न मागता उत्तम शेत दिलं, आणि तू जे मागितलंस ते कोरडं करायला बुधवारी खणायचं यंत्र येणार!

हात न धुताच मी धावलो. बाई त्यांच्या तंबूत नकाशावर वाकल्या होत्या.

मी म्हणालो, "बाई, दिशा चुकली."

"कुणाची?"

"पाण्याची."

"पाण्याची दिशा मी बदललीय, ती चुकलेली नाही."

"तेच तर झालंय!" मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग कपाळाला हात लावला. "अहो, मी विचारलं होतं तुम्हाला, नक्की ना म्हणून!"

"विचारलं होतंत."

"आणि तुम्ही म्हणालात पाणी खोटं बोलत नाही."

"बोललं नाही ते. मीच त्याचं नीट ऐकलं नाही."

तुकडे बदलायला काहीच अडचण नाही, त्या म्हणाल्या, डबकं सोडून चांगलं शेत घ्यायला कुणीही येईल. अडचण अटीची. पीक दिसलं पाहिजे. "पाण्यात काय पिकवणार तुमचा भाऊ?"

मी म्हणालो, "बोरू. छपरांना, चटयांना लागतो तो."

"बोरू तण आहे. दोन वर्षं मी तेच उपटून काढतेय."

"ओळीत लावला तर?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "ओळीत लावलेल्या कशालाही तण म्हणता येत नाही, हे खरं आहे." आणि बोट उगारून पुढे म्हणाल्या, "हे बघा, यंत्र मी दुसरीकडे पाठवते. एप्रिलच्या सुरुवातीला निरीक्षक येतील. त्यांना ओळी दिसल्या तर तुमचं नशीब. नाही दिसल्या तर चर खणला जाईल, आणि मग माझ्याकडे हे तोंड घेऊन यायचं नाही."

मी आजपासूनच लागतोय. तू पत्र मिळताच लिही. राग असला तरी लिही.

तुझा धाकटा


५ एप्रिल

दादा,

झालं! निरीक्षक येऊन गेले! पण आधीपासून सांगतो.

वरच्या अंगाचा बोरू निचऱ्यामुळे वाळत चालला होता. त्याच्या मुळ्या खणून आणल्या. मी सकाळची पाळी संपवून जायचो, वहिनी आधीच पाण्यात उभी असायची, साडी खोचून, कमरेपर्यंत ओली. भोंगा दोरी धरायला आला. काठावरून त्याचं चालूच, "काका, डावीकडे! नाही, तुमच्या पाण्याच्या हाताला! नाही, जुन्या हाताला! अहो, सरळ लावा म्हणजे झालं!" गावातली माणसं बांधावर बसून बघत होती. जे इतकी वर्षं उपटलं तेच दोरी लावून लावणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला. एकाने विचारलं, "पुढच्या वर्षी बेडूक पेरणार का?" मी म्हणालो, "बियाणं देतोस का तू?"

तुझं जवाचं शेत आत्याच्या शेजारणीला मिळालं, कारण तिला सगळ्यात रेताड तुकडा आला होता. त्यामुळे आता आत्या माझ्याशी बोलत नाही. कढईचा राग माझ्यावर आला.

एका सकाळी प्रार्थनेला बसलो असताना प्रश्न पडला, आपण सरकारला फसवतोय का? उठलो नाही, तसाच बसून राहिलो. मग वाटलं, मुळ्या खऱ्या आहेत, लावतोय ते खरं, वाढला की कापणार, छपरं आणि चटया करणार तेही खरं. यात खोटं काय? फक्त पाय ओले आहेत. आणि आणखी एक वाटलं. देवाने पाणी एकीकडे आणि जमीन एकीकडे केली तेव्हा मध्ये थोडी जागा ठरवायची राहून गेली असावी. आपण त्या जागेत जन्मलो. तिचा एक कोपरा तरी न ठरवलेला राहू द्यावा.

निरीक्षक आले ते नव्या कोऱ्या बुटांत. बाई सोबत, चेहरा अगदी कोरा.

"हे काय पीक आहे?"

"बोरू, साहेब."

"हे उगवलंय की लावलंय?"

बाई म्हणाल्या, "ओळी बघा ना, साहेब."

त्यांनी ओळी बघितल्या. इकडून बघितल्या, तिकडून बघितल्या. मग खात्री करायला एक पाऊल पुढे टाकलं आणि मांडीपर्यंत गेले. भोंग्याने आणि मी काखेत धरून त्यांना बाहेर काढलं. एक बूट आतच राहिला. ते काठावर एका पायावर उभे राहून म्हणाले, "शेत ओलं आहे."

"होय साहेब," मी म्हणालो.

"पण शेत आहे," ते म्हणाले आणि सही केली!

दादा, तो तुकडा तुझा झाला. त्यात मासे आहेत. वहिनीने स्वतः बघितले, बोटाएवढे, चांदीसारखे. मी इतका मोठ्याने हसलो की बांधावरचे बगळे उडाले.

पण तुझं काहीच उत्तर नाही. काल मासळीवाला आला, त्याला विचारलं. तो म्हणाला, तू तिथला धंदा बंद केलास, होडीही जागेवर नाही, कुठे गेलास ते कुणाला सांगितलं नाहीस. ते रागाचं पत्र मिळालं आणि पुढचं मिळालंच नाही, असं तर झालं नाही ना? हे पत्र त्याच पत्त्यावर टाकतोय. तिथे नसशील तर कुणीतरी तुला पुढे पाठवो. तुकडा तुझा आहे, दादा. निदान एवढं तरी तुझ्या कानावर जाऊ दे.

तुझा धाकटा


२० एप्रिल, दुपार, पंपघरातून, वहिनीच्या हाती

दादा,

वहिनी आत्ता धावत आली. एका पायात चप्पल, एक वाटेत. दम लागल्यामुळे तिला आधी बोलताच येईना. मला वाटलं काहीतरी वाईट. मग म्हणाली, "भावोजी आलेत."

भोंग्याच्या ट्रॉलीत होडी, आणि होडीत तू, वल्हं आडवं मांडीवर धरून, ताठ बसलेला! नांगरलेल्या शेतांमधून, जवाच्या कडेने, अख्खं गाव काम टाकून बघतंय आणि तू समोर नजर लावून. कुणीतरी म्हणालं, उतरा, चालत या, तर तू म्हणालास म्हणे, "मी जमिनीवरून आलेलो नाही. मी होडीतून आलोय." हे तिने सांगितलं तेव्हा मी पंपाच्या खांबाला धरून इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. ते नंतरही थांबेना.

होडी पाण्यात सोडल्यावर तू पहिलं काय बोललास तेही तिने सांगितलं. "या ओळी कोणी लावल्या? होडी वळवायची कशी यात?"

ती म्हणाली, "तुमच्या भावाने."

मग तू वाकून एका ओळीवरून हात फिरवलास, असं ती म्हणते. त्याचा अर्थ मी लावत नाही. तू येऊन सांगशील तेव्हा कळेल.

दादा, मला आत्ता धावत यायचंय. पण वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झालाय, नदी फुगलीय, चर काठोकाठ आहेत. पंप सोडला तर सगळ्यांचं उगवलेलं जाईल, आत्याच्या शेजारणीचंही. आणि तू पंपघरात पाऊल ठेवणार नाहीस, हेही मला माहीत आहे. ठेवू नकोस. मी तुला तसं म्हणणार नाही. संध्याकाळी दुसरा गडी पाळीवर आला की मीच तिकडे येतो. वहिनीला सांग, जेवण बांधावर घेऊन ये, तिघं तिथेच बसू.

तोवर एक काम आहे, ते तुझ्याशिवाय होणार नाही. तुझ्या तुकड्यातलं पाणी चरात सोडायला आता एक झडप बसवलीय. ती माझ्या ताब्यात आहे. वर केली तर पाणी उतरतं, खाली केली तर चढतं. आज पाणी खूप आहे, थोडं सोडावं लागेल. होडी चालायला किती लागतं, माशांना किती, बोरूला किती, हे मी विसरलो नाही. पण ते मी ठरवणार नाही. इथलं बाकी सगळं पाणी मीच ठरवलं, हे ठरवणार नाही.

होडी रेटायचा तुझा बांबू पाण्यात उभा कर, पाणी किती हवं तिथे त्यावर खूण कर आणि तो हिच्या हाती दे. तेवढं पाणी मी ठेवतो.